पाचची बस

पाचच्या बसची वेळ झाली होती. कोरीनने एप्रन सोडून खुंटीला अडकवला, तशा खुर्चीतल्या आयडाबेलबाई कण्हल्या.

"गुडघा धरलाय गं. जरा चोळून देतेस? पुढची बस आहेच की."

चर्चच्या रेव्हरंडनी मिळवून दिलेल्या अटलांटातल्या या घरच्या कामावर कोरीनचा हा पहिलाच आठवडा. काम फारसं नसे. ती सकाळी मागच्या दाराने यायची, तेव्हा फरशी लख्ख असायची, भांडी पालथी घातलेली. संध्याकाळ मात्र रोज लांबायची. सोमवारी गुडघ्यापायी बस चुकली. काल बाईंनी उरलेली पीच पाई हातावर ठेवली आणि त्या बदल्यात पडदे धुऊन घेतले.

"आज नाही, मिस आयडाबेल. लेक शेजारणीकडे आहे. वाट बघून तशीच झोपते."

"माझी वाट बघायला कोण आहे? तू गेलीस की घरात घड्याळच तेवढं बोलतं." बाईंचा आवाज खरंच कापला. "पाई ने. आणि तू काय परकी आहेस? घरचीच ना?"

कोरीन भिंतीवरच्या फोटोपाशी थबकली. रोज पुसायची ती तो. बसमध्ये गोऱ्यांच्या शेजारी बसायच्या हक्कासाठी तुरुंगात गेलेले रेव्हरंड, आणि त्यांच्यामागे त्यांनीच संघटित केलेल्या मोलकरणी, हातात फलक घेऊन.

"पहिल्या रांगेत तुम्हीच ना?"

"तेव्हा तरुण होते."

"आणि आता मालकीण झालात."

बाईंनी पाई तिच्याकडे सरकवली.

"पाई नको," कोरीन म्हणाली. "पाचनंतरचा वेळ माझा. थांबवायचं असेल तर आधी विचारायचं, आणि वर पैसे द्यायचे. आणि घरची असते, तर पुढच्या दाराने आले असते."

ती पुढच्या दारानेच बाहेर पडली.

आयडाबेलबाई झटकन उठल्या आणि खिडकीशी गेल्या. कोरीन बसमध्ये चढेपर्यंत, बस वळणाआड जाईपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या. मग पाईचा तुकडा कापला, तो तसाच ठेवला आणि चर्चला फोन लावला.

"रेव्हरंड, कोरीन तयार झाली, नाही म्हणायला शिकली. आता कुठल्याही बंगल्यावर पाठवा." बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. "आणि पुढची मुलगी जरा उशिरा शिकणारी बघा."