खांद्यावरची होळी

देवराईतला शेवटचा चिकट सापळा मी उतरवून पाहिला. सलग सातव्या आठवड्यात त्यात एकही भुंगेरा नव्हता. खाडीपलीकडचं अख्खं रान या परदेशी किड्यानं आतून पोखरून वाळवलं होतं. आमच्या गावात तो अजून पोचला नव्हता.

देवळासमोर ढोल वाजत होते. होळीचं झाड गावकऱ्यांच्या खांद्यांवर नाचत येत होतं. मीही वनरक्षकाच्या वर्दीतच गर्दीत घुसून खांदा दिला.

"यंदा तुमचा शब्द पाळला, गार्डसाहेब!" शेजारून तातू गुरव ओरडले. "देवराईजवळचं एक झाड तोडू दिलं नाय. होडीला बांधून हे पलीकडून आणलं."

तोवर झाड सहाणेवर, देवळापुढच्या चौथऱ्यावर, उभं राहिलंसुद्धा. बुंध्याभोवतीचं गवत तेवढं पेटलं आणि विझलं. मी खांदा झटकला. गुलालाखाली पिठासारखा लाकडाचा भुसा होता. आजूबाजूला पाहिलं, तर सगळ्यांच्याच खांद्यांवर तो होता.

"हे झाड आताच्या आता जाळा!"

ढोल थांबले. गुरव हसले. "झाड कधी जाळतात काय? पुढच्या शिमग्यापर्यंत देवाचं हाय ते. कोणी हात नाय लावायचा."

त्यांच्या पांढऱ्या टोपीवर वरून एक भुंगेरा पडला, क्षणभर थबकला आणि देवराईच्या दिशेनं उडाला.