अप्पांच्या मागोमाग

अप्पा मेट्रो स्टेशनच्या जिन्यावर मध्येच थांबले. ती पटकन खांबाआड सरकली. नवे बूट टाचेला असे चावत होते की तिथेच फतकल मारून बसावंसं वाटत होतं.

मागच्या महिन्यात तिचे वडील, म्हणजे अप्पा, आत्याकडे जाताना गाडी बदलायला चुकले. तीन तासांनी भलत्याच टोकाच्या स्टेशनवर सापडले. तेव्हापासून दादाने धोशाच लावला होता, "आणखी एकदा चुकू देत, एकट्याने बाहेर पडणं बंद!" आत्या अंथरुणाला खिळलेली. दर बुधवारी अप्पा तिला पेपर वाचून दाखवायचे. त्यासाठी मंगळवारीच शर्टाला इस्त्री करून ठेवायचे. तेवढंच काय ते उरलं होतं त्यांना.

म्हणून आज लॅबमध्ये उशिरा येते सांगून ती चोरासारखी त्यांच्या मागे निघाली होती. सकाळी डबे, धुणं, आणि वर ही हेरगिरी! जीव अगदी मेटाकुटीला आला होता.

ती लंगडत जिना उतरत असतानाच गाडी आली आणि गेली. अप्पा फलाटावरच. दुसरी आली तेव्हा ती बाकावर बसून बुटात रुमालाची घडी कोंबत होती. अप्पांनी तीही सोडली. तिसरीत एकदाचे चढले. ती शेजारच्या डब्यात शिरली. 'गाडीत चढायचं हेसुद्धा विसरतात की काय?' तिला रडूच यायला लागलं.

गाडी बदलायच्या स्टेशनवर अप्पा पाटीखाली उभे राहिले. आत्याकडे जायला डावीकडची पिवळी लाइन. अप्पांनी चष्मा पुसला, पाटी नीट वाचली आणि सरळ उजवीकडे, निळ्या लाइनकडे वळले.

संपलं. तिने फोन काढून लिहिलं, 'दादा, चुकले रे.' पाठवायला मात्र बोट धजेना. ती तशीच धावत सुटली आणि निळ्या फलाटावर तिने त्यांचा हात धरला.

"अहो अप्पा, आत्याकडे पिवळी जाते!"

"ठाऊक आहे मला," अप्पा म्हणाले. "पण तुझी लॅब निळीवर ना? तुला बसवून देतो, मग माझा मी जातो."

तिने फोनवर लिहिलेलं पुसून टाकलं. गाडी आली. अप्पांनी तिला हलकेच आत सरकवलं.

"आणि पुढच्या बुधवारी माझ्यावर पाळत ठेवायची असेल, तर जुन्या चपला घाल. आज तुझ्यासाठी दोन गाड्या सोडाव्या लागल्या."