राईचं पान

देवराईच्या तोंडाशी धाकू गुरव काठी आडवी धरून उभा होता. आतलं वाळलं पानसुद्धा बाहेर न्यायचं नाही, हा पणजोबांपासूनचा नेम. आणि आज चिपळूणहून आलेली माणसं सकाळपासून आत रानमोडी उपटत होती. हे माजलेलं तण जुन्या झाडांची रोपं वर येऊ देत नव्हतं, म्हणून त्यानं नाइलाजानं होकार दिला होता. पण निघताना प्रत्येकाची पिशवी तपासायची, हे त्यानं मनाशी पक्कं केलं होतं.

उन्हं कलली तशी मंडळी परतली आणि सीमेच्या दगडाशी, आतल्या बाजूलाच थांबली. हात सोलवटलेले, चेहरे लाल. कोणी न सांगता त्यांनी बूट काढून माती झाडली, पिशव्या उलट्या केल्या, एकमेकांच्या पाठीवरच्या काटक्या वेचून राईतच ठेवल्या. धाकूची काठी नकळत खाली आली.

सगळ्यांत शेवटी बाहेर पडल्या पोस्टातून निवृत्त झालेल्या फणसळकरबाई. धाकूची नजर त्यांच्या अंबाड्यावर गेली.

"बाई, केसांत पान राहिलंय."

त्या ओशाळल्या आणि लगेच मागे वळल्या.

"असू द्या," धाकू म्हणाला. "ते देवीनं दिलंय."