उराबेंचा ठोका

“पुन्हा लावा,” उराबे म्हणाले.

मित्सुएने पुन्हा लावलं. बासरी आली, शामिसेनची तार छेडली गेली, बाईचा आवाज चढला, आणि त्यांच्या मागून, अगदी केसभर मागून, ढोल आला. हे चौथ्यांदा. दर वेळी तिला वाटत होतं, आता बसेल.

“आधी चहा घ्या,” ती म्हणाली. “धुरावर वाळवलेल्या मुळ्याचं लोणचं आहे, तुम्हाला आवडतं ते.”

“चहा नको. मी उशिरा वाजवतोय.”

“बाहेर कमरेएवढं बर्फ आहे. बोटं आखडतात.”

“शेगडी पेटलीय, मित्सुए-सान. माझी बनियन घामाने भिजलीय.”

ती हसली. ते हसले नाहीत.

उन्हाळ्यात पितरांसाठी होणाऱ्या बोन नाचाची गाणी या स्टुडिओत तिच्या वडिलांच्या काळापासून रेकॉर्ड होत. गाणं, बासरी, शामिसेन एकदाच घेऊन ठेवलेलं. ती गाणारी बाई आता हयातही नव्हती. ठोका मात्र दर वस्तीचा निराळा, आणि नाचाची मंडळं दरवर्षी त्यात काहीतरी बदल मागत. म्हणून जानेवारीत कानाला हेडफोन लावून जुन्या गाण्यावर नवा ढोल चढवायचा. ते काम उराबेंचं. यंदाचं चाळिसावं वर्ष.

माइकचा आवाज कॉम्प्युटरपर्यंत पोचायचा तो टेबलावरच्या निळ्या डब्यातून. डबा बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती. कॉम्प्युटर अपडेट झाला की डबा मुका व्हायचा. मग मित्सुएचा शाळासोबती हिगाकी, तो निवृत्त तंत्रज्ञ, कुठून कुठून जुन्या फाइली शोधायचा, त्यांत खाडाखोड करायचा आणि डब्याला बोलतं करायचा. सव्वा वर्षापूर्वीच्या अपडेटने तर त्यालाही तीन आठवडे झुंजवलं. पहिला आवाज आला तेव्हा मित्सुए रडली होती.

“आता पिवळी वायर लावून तपास,” हिगाकी म्हणाला होता.

“बोलतोय ना? मग झालं.”

वायर खिळ्यावर लटकत होती तशीच राहिली.

उराबेंनी हेडफोन गळ्यात उतरवला. “गेल्या वर्षी तुम्ही मला ऐकूच दिलं नाही. दाताच्या डॉक्टरकडे जायचंय म्हणालात.”

मित्सुएने माउसवरचा हात काढून घेतला.

“सरकवलंत का?”

सरकवलं होतं. स्क्रीनवर ठोक्यांची अख्खी रांग धरून तिने एकदाच जराशी अलीकडे ओढली होती, आणि पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत एकूण एक ठोका जागच्या जागी बसला होता. यंदाही तेवढंच ओढावं लागलं असतं. अशा गोष्टी बोलून दाखवायच्या नसतात, असं तिला वाटत आलं होतं.

“थोडंसंच,” ती म्हणाली.

“आणि मंडळवाले मला म्हणाले, उराबे-सान, हात अजून तिशीतला आहे. मी खुशीत सगळ्यांना साके पाजली.”

“अजूनही तुमच्यासारखं कोणी वाजवत नाही.”

“वाजवताना मलाही तसंच वाटतं. वाटतं, नेमका पडला. हेच तर वाईट आहे. उशीर होतोय हे कळलं तर माणूस सावरतो. मला कळतच नाहीये.”

तिने सांगायला हवं होतं. गेल्या वर्षीच, तोंडावर. म्हणजे आज असं चार-चारदा लावून ऐकायची वेळ त्यांच्यावर आली नसती. ती चहा ओतत राहिली, आणि तो कोणीच प्यायलं नाही.

“तोगाशींच्या सुनेला बोलवा,” काठ्या फडक्यात गुंडाळत ते म्हणाले. “मी शिकवलंय तिला. वाजवताना तोंड दात दुखल्यासारखं करते, पण तुमच्या माइकला ते दिसत नाही.”

“काठ्या इथे ठेवून जा ना.”

“नव्या वर्षाला दारावर बांधलेल्या माळा आज देवळात जाळतात. जाता जाता त्यात टाकतो. कोनाड्यात धूळ खाण्यापेक्षा बरं.”

दाराशी वळून त्यांनी खोलीला वाकून नमस्कार केला. मग निळ्या डब्याकडे बोट केलं.

“याला जपा. यंत्रांच्या हिशोबाने हा माझ्याहून म्हातारा. तरी बघा, चुकत नाही.”

ते गेल्यावर थोड्या वेळाने हिगाकीचा फोन आला.

“काय गं, आमचा निळा आजोबा कसा आहे?”

“चालतोय.”

“मग रडका आवाज कशाला?”

“उराबे-सान थांबले आजपासून.”

“आं? ते कशाने?”

“वय झालं.”

“वाईट झालं. त्यांच्या ढोलावरच नाचायला शिकलो आपण.” मग हिगाकी म्हणाला, “ऐक, पुढच्या महिन्यात पुन्हा अपडेट येतंय. त्याआधी डब्याचं आत्ताचं माप घेऊन ठेव. वायर अजून खिळ्यावरच असेल?”

“आहे.”

“लाज वाटू दे. एक टोक आवाज बाहेर जातो तिथे, दुसरं आत येतो तिथे. डबा टकटक करतो आणि आपलीच टकटक ऐकून लिहून घेतो. मध्ये माणूस नाही, माइक नाही. पाठवलेलं आणि ऐकलेलं तंतोतंत जुळलं पाहिजे. दोन मिनिटांचं काम आहे.”

हाताला काही चाळा हवाच होता. तिने वायरवरची धूळ पुसली आणि दोन्ही टोकं खोचली. खिडकीबाहेर, बर्फाने वाकलेल्या देवदारांच्या वर, देवळाचा धूर चढत होता.

टकटक संपली. स्क्रीनवर दोन रांगा उमटल्या: वर डब्याने पाठवलेली, खाली त्यानेच ऐकलेली. खालची केसभर मागे होती.

मित्सुएने सकाळची ढोलाची रांग आणून त्या दोन्हींच्या खाली ठेवली. उराबेंचा एकेक ठोका मधल्या रांगेच्या बरोबर खाली पडला होता.