ढावलोला पडलेल्या टाळ्या

"ढावलो टाळ्यांसाठी नसते, बाई," सुखीबाईनं तांड्यावर सांगितलं होतं. "सासरी निघालेल्या पोरीले तोंडानं जे बोलता येत नाही, ते ती त्यात रडते. अन् आयकणाऱ्यानं मंग गप्प बसायचं नसते."

मधुवंतीनं ते वहीत लिहून घेतलं, बाजूला ‘सुंदर!’ असा शेरा मारला आणि सुखीबाईच्या नातीचं, ममताचं नाव कार्यक्रमपत्रिकेत टाकलं.

आता नेरच्या सभागृहात ती पहिल्या रांगेत बसली होती. मांडीवर तिची दहा महिन्यांची लेक शाल्मली, डोळे मात्र मागच्या दाराकडे. तिथं ममताचा काका देवसिंग हाताची घडी घालून उभा होता. आल्यापासून एकदाही बसला नव्हता.

मधुवंती आणि साकेत चालवत असलेल्या ‘ओळख’ गटाचा हा पहिलाच मेळावा. गावातली आणि बंजारा तांड्यांवरची पोरं एका मंचावर. कल्पना साकेतची. आवाज मऊ, भेटेल त्याला आधी "जेवलास का?" विचारणारा.

एक मुलगा म्हणाला, शाळेतच एकमेकांच्या बोली शिकवल्या पाहिजेत. एक मुलगी म्हणाली, सण बदलून साजरे करू. मग ममता उठली. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती.

"तुम्ही आमचे आरशांचे कपडे घालून फोटो काढता. छान दिसता. पण आमच्या घरचं पाणी पिता का, ते सांगा ना!"

हशा पिकला. साकेत सगळ्यांत मोठ्यानं हसला. त्याचा फोन तिच्यावरच रोखलेला होता.

"आता ढावलो," तो म्हणाला.

ममतानं माइक खाली ठेवला, मंचावरून उतरली आणि मधुवंतीच्या गळ्यात पडली. ढावलो असाच म्हणतात, कुणाच्या तरी गळ्यात पडून. दोघींमध्ये चेंगरून शाल्मली रडू लागली. ममताचा सूर लांबत गेला, तुटला, पुन्हा लांबला. सगळं गोरबोलीत, बंजाऱ्यांच्या बोलीत. मधुवंतीला त्यातला एकच शब्द कळत होता, ‘काका’. तो सारखा येत होता. खांदा ओला झाला.

सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. देवसिंगनं वाजवल्या नाहीत. तो सरळ पुढे आला आणि त्यानं ममताचं मनगट धरलं.

"चाल घरी."

हेच होणार, हे मधुवंती महिनाभर ओळखून होती. "घरी लग्नाचं पाहून राह्यले," असं ममताच बोलली होती एकदा. साकेतनं त्यावर उपायही काढला होता. नागपूरला सहा महिन्यांचं प्रशिक्षण, राहण्याची सोय तिथंच, आजच निघायचं. गाडी बाहेर उभी होती.

"हात सोडा तिचा," मधुवंती म्हणाली. "एकोणीस वर्षांची आहे ती."

"माह्या भावाची पोरगी आहे, ताई."

"मग काहून नेता, ते सांगा."

देवसिंगनं भरलेल्या खुर्च्यांकडे पाहिलं. "चार लोकांत सांगायची गोष्ट नोहे. घरी या, सांगतो."

"चार लोकांत सांगता येत नाही, असंच असतं हे. पोलिसांना बोलवू?"

"तिलेच इचारा मंग."

"ममता, तुला नागपूरला जायचंय ना?"

ममतानं साकेतकडे पाहिलं. तो हसत होता, हातातला फोन उलटसुलट फिरवत. तिनं होकारार्थी मान हलवली.

देवसिंगनं मनगट सोडलं.

गाडीत बसताना ममतानं शाल्मलीचा पाय धरला. सोडेना. मधुवंतीला तिची बोटं एकेक करून उघडावी लागली.

"लळा लागला हो तिला," साकेत म्हणाला आणि त्यानं दार लावून घेतलं.

चौथ्या दिवशी दुपारी सुखीबाई दारात उभी होती. मधुवंतीनं आधी दाराची कडी चाचपली, मग बाळाला कडेवर घेतलं.

"पत्ता मी देणार नाही, आजी." खरं तर तो तिच्याकडेही नव्हता. पोचल्यावर ममतानं गॅलरीतला एक फोटो पाठवला होता, पण दोन दिवसांपासून तिचा फोन बंद होता. प्रशिक्षणात फोन बंद ठेवायला सांगत असतील, असं तिनं स्वतःला समजावलं होतं.

"पत्ता नाई मागत. ठाण्यात गेलतो आम्ही. पोरगी राजीखुशीनं गेली, तुमच्याच ताईनं लिहून देल्लं, म्हणे."

"हो. दिलं लिहून."

म्हातारी पायरीवर बसली. "देवसिंगनं सांगतलं मले, पण माह्या कानानं आयकायचं हाये. ते रडणं दाखव."

साकेतनं टाकलेला व्हिडिओ साठ हजारांनी पाहिला होता. खाली नुसती बदामं. त्याखाली मराठी अर्थ टाकायचा मधुवंतीच्या मनात होताच. तिनं वही आणली. म्हातारी थांबवत, ऐकत, एकेक ओळ सांगत गेली आणि ती ‘सुंदर!’च्या खाली उतरवत गेली.

काका, मले त्या गाडीत बसू देऊ नको.

फोन धरून जो हसून राह्यला, त्याच्यापाशी माहे फोटो आहेत.

मराठीत बोलली तर त्याले समजते, काका.

जिच्या गळ्यात पडली, ते बाई चांगली आहे. पण तिले आपली बोली येत नाही.

त्या संध्याकाळी मधुवंतीनं जमेल तिथं टाकलेला मजकूर असा होता: "मी लिहून दिलेलं खोटं होतं, हे पोलिसांना आज सांगितलं आहे. पण तुम्ही नागपुरात असाल तर थांबू नका. ममतानं पाठवलेल्या शेवटच्या फोटोत तिसरा मजला आहे, गॅलरीला हिरवी जाळी, समोर पाण्याची टाकी. शोधा, दार वाजवा. सोबत गोरबोली समजणारं कुणीतरी न्या. आणि दारात येऊन ती मराठीत ‘मी मजेत आहे’ म्हणाली, तर परत फिरू नका."