गुरुजींच्या मागचा वटवट्या

बाळांनो, डोळे मिटा आणि समजा, सत्त्याऐंशी सालचा चैत्र आहे. गोराईच्या खाडीत एका होडीत गुणाजी गुरुजी आणि त्यांची विद्यार्थिनी जया बसली आहेत. वटवट्या हा चिमुकला पाहुणा पक्षी आता उत्तरेला निघालाय; आज दिसला नाही, तर थेट हिवाळ्यात. सकाळी बोरीवलीच्या रानातली पायपीट फुकट गेली, कारण पक्षी बघताना गप्प कसं राहावं, हे गुरुजी खणखणीत आवाजात शिकवत होते. होडीतही तोच धडा चालू होता. मध्येच जयाने हात वर केला.

"हात खाली. माझं झालं की बोल."

"पण गुरुजी, तुमच्या मागं..."

"पक्षी बघायचा तर धीर हवा, बाय."

जयाने हात खाली घेतला, गुरुजींच्या मांडीवरची दुर्बीण हळूच उचलली आणि तिवराच्या फांदीवरचा वटवट्या पोटभर पाहून घेतला.