शेवटचा भागाकार

निवृत्त झाल्यापासून वैजनाथ सर एकाच संख्येच्या मागे लागले होते : ९९९८००००९९. ही मूळ संख्या आहे, हिला कशानंच भाग जाणार नाही, हे त्यांचं ठाम मत. अकरा वर्षं त्यांनी तिला एकेका लहान मूळ संख्येनं भागून पाहत हातानं साडेनऊ हजारांवर भागाकार केले, आणि गेलं वर्षभर ते आल्यागेल्याला सांगत होते, "आता एकच उरलाय."

शहाण्णवच्या दसऱ्याला त्यांच्या मुलानं, शुभंकरनं, बुधवार पेठेतून जोडून आणलेल्या कॉम्प्युटरला झेंडूचा हार घातला. शेजारी बाबांच्या एकवीस वह्या पूजेला मांडल्या.

"विचार तुझ्या खोक्याला," बाबा म्हणाले.

शुभंकरनं संख्या टाकली, कळ दाबली. ९९९८९ नं पूर्ण भाग जात होता. म्हणजे नेमक्या त्या उरलेल्या भागाकारालाच! बाबा अजून चष्मा पुसत होते. त्यानं घाईघाईनं मॉनिटर बंद केला.

"मूळ संख्याच आहे, बाबा."



"मग उद्या दुकानात परत देऊन ये ते," बाबा चष्मा चढवत म्हणाले. "शेवटचा भागाकार मी गेल्या दसऱ्यालाच केलाय. भाग जातो."